नवलगडच्या पुस्तकशाळेची वही

आश्विनातली पहाट नवलगडावर धुके घेऊन येते. कोळवंतीच्या खोऱ्यातून ते उठते, माचीवरची घरे गिळते, तटाच्या जंग्यांतून आत शिरते, आणि सूर्य पूर्वेच्या डोंगरावर आला की हळूहळू विरू लागते. तेव्हा प्रथम दिसतो बालेकिल्ल्यावरचा नगारखाना, मग पाण्याचे मोठे टाके, आणि सर्वांत शेवटी पश्चिमेच्या कड्यावर एकटी उभी असलेली दगडी पुस्तकशाळा.

त्या पंचमीच्या पहाटे गडाचे किल्लेदार सटवोजीराव वाबळे वीस हशम शिपाई बरोबर घेऊन पुस्तकशाळेच्या पायऱ्या चढत होते. कमरेच्या शेल्यात श्रीमंत खेळोजीराजांचा शिक्क्यानिशी हुकूम खोचलेला होता. हुकूम दोन ओळींचा होता. पुस्तकशाळेची वही जप्त करावी. कारकून तिमाजी व्यंकटेश यांस हुजूर रुजू करावे. सटवोजीरावांनी अकरा लढाया मारल्या होत्या, एकदा तर बरगडीत मोडलेला भाला तसाच घेऊन ते चार कोस घोड्यावर बसले होते. पण आज त्या बारा पायऱ्या चढताना त्यांच्या तोंडाला कोरड पडली होती. कारण जी वही जप्त करायला ते निघाले होते, त्या वहीत त्यांचे स्वतःचे नाव होते.

प्रकरण असे होते. तीन वर्षांपूर्वी नवलगडचे तरुण धनी मानसिंगराजे वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गडावरच्या टाक्यात बुडून वारले, आणि त्यांचे चुलते खेळोजीराजे गादीवर बसले. पाय घसरला, असे दरबारातून जाहीर झाले आणि रयतेने ते मान्य केले. एका माणसाने मात्र केले नाही. जुने चिटणीस विठ्ठल मुकुंद यांनी त्या दिवशी जे पाहिले, जे ऐकले आणि जे पुढे शोधून काढले, ते सारे तपशीलवार एका बखरीत लिहिले. कोणी पाण्यात ढकलले, कोणी मानेवर पाय दिला, कोणाच्या हुकमाने दिला, सारे नावानिशी. मरणाआधी पंधरा दिवस त्यांनी ती बखर पुस्तकशाळेत आणून दिली. तिमाजीपंतांनी तांबड्या कापडाच्या एकोणिसाव्या बस्त्यात, क्षेत्रमाहात्म्यांच्या पोथ्यांखाली, ती बांधून ठेवली. आपण होऊन ते कोणाला तिच्याविषयी बोलले नाहीत. पण ज्याने मागितली त्याला त्यांनी नाहीही म्हटले नाही.

सटवोजीरावांनीही ती मागितली होती. मानसिंगराजे बुडाले त्या दिवशी टाक्यावरची चौकी त्यांच्याकडे होती. बखरीत आपले नाव आहे की काय, एवढेच त्यांना पाहायचे होते. गेल्या वैशाखात एका दुपारी ते एकटेच आले, भिंतीकडे तोंड करून बसले आणि पाने उलटता उलटता त्यांना ती ओळ सापडली: ‘चौकीवर सटवोजी वाबळे होते. त्यांनी हाका ऐकिल्या. उठिले नाहीत.’ बखर परत घेताना तिमाजीपंतांनी नेहमीप्रमाणे वही उघडली, बोरू शाईत बुडवला आणि त्यांचे नाव व मिती टिपून घेतली. त्या वेळी किल्लेदारांना त्यात काही वावगे वाटले नव्हते.

आणि परवा राजवाड्यातल्या देवघराच्या दारावर कोणीतरी एक चिठी चिकटवली. तिच्यावर बखरीतल्या दोन ओळी होत्या. खेळोजीराजांनी चौकशी केली, काल पुस्तकशाळेतून एकोणिसावा बस्ता मागवला, आणि दार लावून दिवसभर बखर वाचली. संध्याकाळी होमकुंडात ती जळाली. पण बखर जळाली म्हणून ती वाचलेली डोकी जळत नाहीत, हे राजांना कळत होते.

सटवोजीराव आत आले. पुस्तकशाळेत मेथीचा उग्र वास कोंदला होता. मधल्या चौकात तिमाजीपंत उकिडवे बसले होते. साठीचे, किरकोळ बांध्याचे, कानात बोरू खोचलेले. पुढ्यात दगडी उखळ, उखळात करड्या रंगाचा लगदा, आणि मांडीवर बुरडाची एक टोपली. लगद्याचे गोळे घेऊन ते टोपलीला आतून लिंपत होते.

“पंत, वही कुठे आहे?”

“ही काय, किल्लेदार.” तिमाजीपंतांनी ओला हात टोपलीवरून फिरवला. “भिजवली, कुटली, मेथी घातली. आता हिला कसर लागायची नाही. तांदूळ ठेवायला बरी.”

हशमांनी उखळ उपडे केले, बस्ते सोडले, फडताळे पाडली. वहीचा सुटा कपटाही मिळाला नाही. तीस वर्षांची नावे त्या राखाडी चिखलात गेली होती. सटवोजीरावांना इतके हलके वाटले की क्षणभर त्यांनी खांबाला हात टेकला. पण तो हलकेपणा टिकला नाही. गडावर पोरासोरालाही ठाऊक होते: तिमाजीपंतांना विचारा, अमकी पोथी दहा वर्षांपूर्वी कोणी नेली होती, आणि पंत डोळे मिटून नाव, गाव, मिती सांगत. वही कुटली गेली होती; वही लिहिणारा समोर बसून हात धूत होता.

“चला पंत,” किल्लेदार म्हणाले. “हुजुरात बोलावणे आहे.”

“चलतो. एवढी टोपली उन्हात ठेवू द्या.”

दरबारात खेळोजीराजे लोडाला टेकून बसले होते. आवाज चढवण्याची त्यांना सवय नव्हती. चढवावा लागत नसे.

“तिमाजीपंत, तुम्ही सरकारी दप्तराचा नाश केलात.”

“क्षमा असावी, श्रीमंत. ते सरकारी दप्तर नव्हते. थोरल्या आईसाहेबांनी पुस्तकशाळा घातली तेव्हा सनद करून दिली. पोथी नेणाऱ्याचे नाव टिपावे, ते पोथी परत यावी म्हणून. आणि ती वही कारकुनाखेरीज कोणी पाहू नये, गादीच्या धन्यानेही पाहू नये. असे शब्द आहेत. मी आईसाहेबांच्या पायाला हात लावून कारकुनी घेतली.”

“आईसाहेब वारल्या.”

“होय, श्रीमंत. सनद आहे.”

राजे हसले. “आम्हांस तुमची सनद नको. या दरबारात रोज दीडशे माणसे मुजरा करतात. त्यांतल्या कोणाला काय ठाऊक आहे, एवढेच आम्हांस हवे. माणूस वाकतो तेव्हा त्याचे डोळे दिसत नाहीत, पंत. नावे सांगा. आणि घरी जा.”

“एक नाव सांगतो,” तिमाजीपंत म्हणाले. “बखर मी वाचली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत.”

“बाकीची?”

पंतांनी नकाराची मान हलवली. राजांनी सटवोजीरावांकडे पाहिले. “किल्लेदार, अष्टमीच्या दरबारापूर्वी नावे हवीत. कशी काढायची ती तुम्ही पाहा. उजवा हात मात्र राखा. यादी त्यांच्याच अक्षरात पाहिजे. कोणी खोटी म्हणता कामा नये.”

मग अंधारकोठडीत जे झाले ते लिहायला बोरू धजत नाही, तरी थोडे लिहिले पाहिजे. पहिल्या दिवशी पंतांच्या तळव्यांवर वेत पडले. पाय कलिंगडासारखे फुटले. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची नखे गेली. सटवोजीराव समोर उभे राहून विचारत होते, “कोणी वाचली?” आणि प्रत्येक वेळी विचारल्यावर, उत्तर येईपर्यंत, ते आपल्याच नावाची वाट पाहत होते. पंत ओरडत, रडत, देवाचे नाव घेत, आईला हाका मारत. शूर माणसासारखे ते गप्प राहिले नाहीत. फक्त माणसांची नावे त्यांच्या तोंडून आली नाहीत.

त्याच दिवशी, षष्ठीला, राजांनी दुसरा उपाय काढला. पुस्तकशाळेत पोथ्यांच्या नकला करायला नागोराम नावाचा एक लेखक होता. खालच्या पेठेतला, बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. तो मागच्या खोलीत दाराकडे पाठ करून लिहीत बसे. कोण आले, कोण गेले, त्याला खरोखर ठाऊक नव्हते, आणि ते राजांनाही पटले होते. त्याला दोरीने बांधून कड्यावर आणले. तिमाजीपंतांना डोलीत घालून समोर बसवले.

“पंत,” राजे म्हणाले, “एका नावाला हा सुटेल.”

“पंतकाका, सांगा हो!” नागोराम गुडघ्यांवर पडून ओरडू लागला. “कोणाचंही सांगा! मेलेल्या माणसाचं सांगा! मी तुमचं काय वाकडं केलं?”

तिमाजीपंतांचे ओठ हलले. सटवोजीराव त्यांच्या इतक्या जवळ उभे होते की म्हाताऱ्याच्या कपाळावरची शीर उडताना त्यांना दिसत होती. आता नाव येणार, असे त्यांना वाटले, आणि त्यांचा हात नकळत कट्यारीवर गेला.

“श्रीमंत,” पंत कसेबसे म्हणाले, “याच्या जागी मला लोटा. मी हात जोडतो.”

“तुम्हाला लोटले तर नावे कोण सांगेल?”

“मेलेल्याचे नाव सांगितले तर त्याची मुले आहेत. जिवंताचे सांगितले तर तो इथे उभा राहील, आणि तुम्ही त्याच्याकडून पुढचे मागाल. कुठे थांबेल हे, महाराज?”

राजांनी बोट हलवले. नागोरामची किंकाळी खोऱ्यात बराच वेळ ऐकू येत राहिली. तिमाजीपंत डोलीतून खाली कोसळले आणि मातीत कपाळ घासत म्हणत राहिले, “नागोराम, मी मारला तुला. मी मारला.” कोणी त्यांना उचलले नाही.

सप्तमीच्या भर दुपारी सटवोजीराव कोठडीत एकटेच उतरले. पहारेकऱ्यांना त्यांनी वर पाठवले. पंत भिंतीला टेकून होते. वरच्या झरोक्यातून आलेली उन्हाची पट्टी त्यांच्या पायांवर पडली होती आणि तिथे माश्या बसल्या होत्या.

“पंत,” किल्लेदार हळूच म्हणाले, “तुम्हांस ठाऊक आहे मी काय विचारायला आलो ते.”

“नाही, किल्लेदार.”

“वैशाखात मी आलो होतो.”

तिमाजीपंतांनी डोळे मिटले. “पुस्तकशाळेत पुष्कळ लोक येतात. मला आठवत नाही.”

“तुम्हाला सारे आठवते! उद्या दरबारात राजे स्वतः विचारणार आहेत. निखाऱ्यांची शेगडी सांगून ठेवली आहे. तुम्ही माणूस आहात, पंत. दोन दिवस सोसलेत, तिसऱ्या दिवशी भ्रमात बोललात तर? झोपेत बोललात तर?”

“तर तुमचे दैव.” म्हाताऱ्याच्या आवाजात राग नव्हता, फार थकवा होता. “मी नागोरामचा जीव राखू शकलो नाही, किल्लेदार. बाकीच्यांची नावे राखतो आहे. तुम्ही त्यांत आहात की नाही, हे मी तुम्हालाही सांगणार नाही. वर जा. तुमची भीती बघवत नाही.”

सटवोजीरावांना हे ऐकून धीर यायला हवा होता. आला नाही. ज्या माणसाला दोन दिवस आपण फाडले तो आपल्याला वाचवील, यावर विश्वास ठेवण्याजोगे त्यांच्याजवळ काहीच नव्हते. पंतांच्या जागी ते स्वतः असते तर पहिल्या घटकेलाच त्यांनी नाव सांगितले असते. त्यांनी पंतांची हनुवटी डाव्या हातात धरली, उजव्या हाताने कट्यार काढली. आणि तिमाजीपंतांची जीभ छाटली.

वर येऊन त्यांनी सांगितले की कारकुनाने गादीला आणि श्रीमंतांच्या मातुःश्रींना अभद्र शिव्या दिल्या, त्या ऐकवल्या नाहीत. राजांनी ते ऐकून घेतले. मग त्यांनी किल्लेदारांचा चेहरा न्याहाळला.

“स्वामिभक्ती मोठी तुमची, सटवोजीराव,” ते म्हणाले. “हात शाबूत आहे ना? बरे. उद्या लिहून देतील.”

अष्टमीचा दरबार भरला. मानकरी, सरदार, शिलेदार, शास्त्री आपापल्या जागी उभे राहिले. कोणी कोणाकडे पाहत नव्हते. तिमाजीपंतांना आणले. तोंडावर फडके बांधले होते, ते भिजून काळे पडले होते. पुढे चौरंग, चौरंगावर कागद, दौत आणि बोरू. बाजूला निखाऱ्यांची शेगडी.

“पंत,” राजे म्हणाले, “अखेरचे विचारतो. आपल्या वहीत लिहीत होतात तसेच लिहा. कोणी बखर नेली, कोणत्या मितीस. एकच नाव खरे लिहिलेत तरी आम्ही दया करू, आजच मोकळे करू. एकही लिहिले नाहीत तर ही शेगडी आहे, आणि उद्या पुन्हा दिवस उगवणार आहे.”

तिमाजीपंतांनी मान वर केली आणि दरबारावरून नजर फिरवली. ती नजर जिथे जिथे गेली तिथे तिथे माणसे दगडासारखी झाली. सटवोजीरावांपाशी ती थांबली. फार वेळ नाही; पोथी परत घेताना पाने मोजायला लागतो तेवढा. किल्लेदारांना वाटले, संपले. माझ्यासारख्याचे नाव न लिहायला याला आता काय कारण उरले आहे? शेगडी त्यांच्यापासून चार हात होती आणि तिची धग त्यांना लागत होती.

पंतांनी उजव्या हातात बोरू घेतला. टोक दौतीच्या कडेला टेकवून जास्तीची शाई निथळली. मग संथपणे, वळणदार, गडावरच्या प्रत्येक लिहित्याला ओळखू येई अशा अक्षरात त्यांनी तीन ओळी लिहिल्या आणि वर वाळू भुरभुरली.

“वाचा,” राजांनी नव्या चिटणिसास फर्मावले.

चिटणिसाने कागद उचलला. बिचारा घाबरट माणूस. हुकूम झाला की आधी डोळे फिरवून पाहायचे धाडस त्याच्यात नव्हते. तो मोठ्याने वाचत सुटला:

“आश्विन शुद्ध चतुर्थी. बस्ता एकोणिसावा, मानसिंगराजांच्या खुनाची बखर. नेणार, श्रीमंत खेळोजीराजे. पोथी परत आली नाही.”

शेवटचा शब्द तोंडातून गेल्यावर आपण काय वाचले ते त्याला कळले आणि त्याने कागद घाईने चौरंगावर ठेवला. दीडशे माणसांच्या दरबारात ‘खून’ हा शब्द आज पहिल्यांदा उच्चारला गेला होता, आणि तो हुजूरच्या हुकमाने उच्चारला गेला होता. मागे, शिलेदारांच्या रांगेत, कोणीतरी फस्सकन हसले. एकच आवाज, लगेच दाबलेला. कोण हसले ते कोणी पाहिले नाही. खेळोजीराजांनी पाहायचा प्रयत्न केला. दीडशे माना खाली वाकल्या होत्या.

“हात,” राजे म्हणाले. आयुष्यात प्रथमच त्यांचा आवाज चढला. “आधी हात. मग कडा.”

दोन्ही हुकूम सटवोजीरावांनी बजावले. कड्यावर नेताना तिमाजीपंत शुद्धीवर नव्हते, असे हशमांनी पुढे सांगितले. ते खरे नव्हते. पंतांचे डोळे उघडे होते आणि ते पुस्तकशाळेच्या दाराकडे पाहत होते. टोपली अजून उन्हात होती.

पुढे सहा वर्षे खेळोजीराजांनी राज्य केले. त्या सहा वर्षांत संशयावरून नऊ माणसे कड्यावरून लोटली गेली. त्यांतले किती जण खरोखर एकोणिसावा बस्ता उघडून बसले होते, हे सांगणारा कोणी उरला नव्हता. नऊही वेळा लोटण्याचा इशारा सटवोजीरावांनी दिला. त्यांना पालखीचा मान मिळाला. पुस्तकशाळेला राजांनी नवा कारकून नेमला आणि नवी वही बांधून दिली, पण त्या वहीचे पहिले पान कोरेच राहिले. पोथ्यांना कसर लागली.

पण हे सारे नंतरचे. अष्टमीच्या त्या दुपारी किल्लेदारांना आणखी एक हुकूम बजावायचा होता: तिमाजीपंतांच्या कुटुंबाने सूर्यास्तापूर्वी गड सोडावा, आणि जाताना त्यांची झडती घ्यावी.

पंतांच्या पत्नी भिवराबाई गडाच्या दरवाजात उभ्या होत्या. कुंकू पुसलेले होते. काखेत एक गाठोडे होते. सटवोजीरावांनी पहारेकऱ्यांना बाजूला केले आणि गाठोडे स्वतः सोडले. वहीचा एखादा कागद म्हाताऱ्याने घरी नेला असेल, ही शंका सकाळपासून त्यांना कुरतडत होती. दोन लुगडी निघाली. एक तांब्या. देवघरातली बाळकृष्णाची मूर्ती, फडक्यात गुंडाळलेली. त्यांनी ते फडके उलगडले, झटकले, उजेडात धरून पाहिले. लुगड्यांचे पदर चाचपले. तांब्यात हात घातला.

“त्यांनी नावे घेतली?” भिवराबाईंनी विचारले.

“नाही.”

“एकाचंही?”

किल्लेदारांनी नकारार्थी मान हलवली. त्यांना बाईंच्या तोंडाकडे पाहवेना. भिवराबाई खाली बसल्या, पसरलेल्या वस्तू एकेक करून उचलू लागल्या. बाळकृष्ण पुन्हा गुंडाळला. गाठ मारली. मग उठून त्यांनी आपले दोन्ही रिकामे हात त्यांच्यापुढे उघडून धरले.

“पाहायचं राहिलं असेल तर पाहून घ्या, किल्लेदार. पुन्हा मी वर यायची नाही.”

आणि सटवोजीराव वाबळ्यांनी, पहारेकऱ्यांच्या देखत, खाली वाकून ते हात पाहिले.